अठराव्या मताच्या आधी

रोमन इतिहासातलं सगळ्यात मोठं वर्ष कुठलं असं विचारलं की बहुतेक जण सीझरच्या खुनाचं वर्ष सांगतात, इ.स.पू. ४४. मला मात्र त्याच्या जवळजवळ नव्वद वर्षं आधीचं एक वर्ष काही केल्या सोडत नाही. इ.स.पू. १३३. त्या एका वर्षात स्पेनमधलं नुमान्शिया उपासमारीनं पडलं, सिसिलीत गुलामांचं बंड पेटलेलं होतं, आशिया मायनरमधल्या पर्गममचा राजा अख्खं राज्य मृत्युपत्रात रोमच्या नावावर करून मेला आणि खुद्द रोममध्ये लोकांनी निवडून दिलेल्या एका ट्रिब्यूनला, म्हणजे सामान्य लोकांचे हक्क राखायला नेमलेल्या अधिकाऱ्याला, सिनेटर मंडळींनी मोडक्या बाकांच्या पायांनी ठेचून मारलं. ही चार ठिकाणं एकमेकांपासून कुठच्या कुठे आहेत, पण चौघांचे धागे टायबेरियस ग्रॅकस नावाच्या जेमतेम तिशीच्या माणसापाशी येऊन मिळतात. मी हे सगळं प्लुटार्क आणि अ‍ॅपियन यांच्याकडून वाचलंय, दोघंही त्यानंतर सव्वादोनशे ते तीनशे वर्षांनी लिहिणारे ग्रीक लेखक, पण त्यांच्यासमोर जुनं लिखाण होतं आणि काही प्रसंग तर इतके बारकाईने आलेत की वाचताना आपणच गर्दीत उभं आहोत असं वाटतं.

टायबेरियस तसा फार मोठ्या घरचा. हॅनिबलला हरवणारा स्किपिओ आफ्रिकानस हा त्याच्या आईचा बाप. आई कॉर्नेलिया, बारा मुलं झाली त्यातली तीनच जगली, नवरा गेल्यावर इजिप्तच्या टॉलेमी राजाची मागणी आली तर तिनं नाही म्हटलं आणि मुलांना शिकवण्यात आयुष्य घातलं. म्हणजे हा मुलगा सरळ वाटेनं चालत राहिला असता तरी कॉन्सुल, म्हणजे दरवर्षी निवडल्या जाणाऱ्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक, झालाच असता, कुणाचं वाकडं करायची त्याला काहीच गरज नव्हती, हे आधी लक्षात घ्यायला हवं.

गोष्ट खरं तर १३३ च्या चार वर्षं आधी सुरू होते. इ.स.पू. १३७ मध्ये टायबेरियस क्वेस्टर म्हणून, म्हणजे सैन्याचे हिशेब सांभाळणारा अधिकारी म्हणून, नुमान्शियाच्या मोहिमेवर गेला. सेनापती होता मॅन्सिनस. नुमान्शिया म्हणजे आजच्या स्पेनमध्ये सोरियाजवळ, दुएरो नदीच्या वरच्या अंगाला डोंगरावरचं गाव, लढणारी माणसं हजारांतच मोजायची. आणि या गावानं रोमन सैन्याला असं काही कोंडीत पकडलं की वीस हजार सैनिक मरणाच्या दारात उभे. मॅन्सिनसनं तहाची बोलणी सुरू केली तर नुमान्शियाचे लोक म्हणाले, आमचा रोमन माणसांवर विश्वास नाही, टायबेरियसला पाठवा. त्यांचा राग खरा होता, दोन-तीन वर्षांपूर्वीच पॉम्पेयस नावाच्या रोमन सेनापतीनं त्यांच्याशी तह केला, पैसे घेतले आणि जागेवर नवा सेनापती आल्याबरोबर असा काही तह झालाच नाही म्हणून सरळ हात वर केले. पण टायबेरियसच्या बापाचं नाव त्यांना माहीत होतं. त्यानं पूर्वी त्यांच्याशी केलेला तह स्वतः पाळला होता आणि रोमलाही पाळायला लावला होता. बापाच्या शब्दावर मुलाला उधारी मिळाली, तह झाला, वीस हजार माणसं जिवंत सुटली.

आता यातला मला सगळ्यात आवडणारा प्रसंग. रोमन छावणी लुटली गेली त्यात टायबेरियसच्या हिशेबाच्या वह्याही गेल्या, म्हणजे त्या काळच्या पाट्या. सैन्य परतीच्या वाटेला लागलं होतं, पण त्याला काळजी वेगळीच, रोममध्ये गेल्यावर हिशेब दाखवता आला नाही तर विरोधक पैसे खाल्ले म्हणून ओरड करणार. म्हणून हा तीन-चार सोबती घेऊन उलटा नुमान्शियाला गेला, वेशीबाहेर उभा राहिला, तिथल्या प्रमुखांना बोलावलं आणि म्हणाला माझ्या वह्या तेवढ्या परत द्या. ते लोक इतके खूश झाले की त्यांनी त्याचे हात हातात घेतले, आम्हाला शत्रू समजू नकोस म्हणाले, गावात नेलं, ताट वाढलं, बसून जेव म्हणून आग्रह केला. मग वह्या दिल्या आणि वर म्हणाले, लुटीतलं अजून काय हवं ते घेऊन जा. त्यानं सरकारी पूजेसाठी लागणारा धूप तेवढा घेतला, दुसरं काही नाही. ज्या माणसांना आठवड्यापूर्वी एकमेकांचे गळे कापायचे होते ती माणसं एका ताटावर बसतात आणि कारण काय तर हिशेबाच्या वह्या! प्लुटार्कनं हे सांगितलं नसतं तर आपल्याला कधीच कळलं नसतं.

रोममध्ये काय झालं? सिनेटनं तह फेटाळला. रोमला लाज आणणारा तह म्हणे. आणि शब्द मोडला तर देव कोपतील म्हणून तोड अशी काढली की ज्यानं तह केला तो मॅन्सिनस नुमान्शियाच्या ताब्यात द्यायचा, म्हणजे रोम मोकळं. त्याला उघड्या अंगानं, हात बांधून त्या गावापुढे नेऊन उभं केलं. गावानं त्याला घेतलं नाही. एका माणसाच्या शरीरानं अख्ख्या देशाचा शब्द फिटत नाही, हे त्या डोंगरातल्या लोकांना सिनेटपेक्षा चांगलं समजत होतं. टायबेरियस स्वतः वाचला, कारण सुटून आलेल्या सैनिकांची घरची माणसं त्याच्या बाजूनं उभी राहिली, आणि त्याच्या बहिणीचा नवरा स्किपिओ इमिलियानस वजनदार माणूस होता. पण तह काही वाचला नाही. माझ्या मते १३३ ची सगळी पडझड इथून सुरू होते. रोमच्या राज्यव्यवस्थेत बरंचसं लिहिलेलं नव्हतंच, ती शपथांवर, रूढींवर आणि दिलेल्या शब्दावर चालायची, आणि शब्द सोयीनं मोडता येतो हे एकदा वरच्या लोकांनी दाखवून दिलं की खालचे ते शिकतातच.

जमिनीचा प्रश्न मात्र त्याहून जुना. रोम इटलीत जिंकत गेलं तशी हरलेल्यांची बरीच जमीन सरकारजमा होत गेली, आपल्याकडच्या गायरानासारखी ती सगळ्यांची, म्हणजे कुणाचीच नाही. कुणीही कसावी आणि धान्याचा दहावा, फळांचा पाचवा हिस्सा सरकारला द्यावा, असा नियम अ‍ॅपियन सांगतो. झालं असं की ज्याच्याकडे पैसा आणि माणसं त्यानं ती बळकावली. इ.स.पू. ३६७ च्या कायद्यानं ५०० युगेरांची, म्हणजे साधारण ३०० एकरांची मर्यादा घातली होती असं परंपरा सांगते, पण रोमन इतिहासकार लिवी असंही सांगतो की तो कायदा आणणाऱ्या लिसिनियसलाच दहा वर्षांनी मर्यादा मोडल्याबद्दल दंड झाला, त्यानं मुलाला कायद्यानं वेगळं काढून जमीन दोघांत दाखवली होती. आपल्याकडे सीलिंगच्या काळात काय काय झालं ते ज्यांनी घरातल्या मोठ्यांकडून ऐकलंय त्यांना हे वाचून जराही नवल वाटणार नाही. पुढे तर लोकांनी भलत्याच नावांवर जमिनी घेतल्या आणि नंतर तेही सोडून उघड उघड स्वतःच्या नावावर.

आणि त्या जमिनीवर राबायला गुलाम, कारण गुलामाला सैन्यात बोलावणं येत नाही. शेतकऱ्याला येतं. तो स्पेनमध्ये वर्षानुवर्षं लढत राहणार, तोवर घरचं शेत कर्जात जाणार आणि शेजारचा मोठा मालक ते गिळणार, आणि जमीन गेली की सैन्यातली भरतीही गेली कारण ठरावीक मालमत्ता असलेल्यालाच सैनिक करायचे. धाकटा भाऊ गायस यानं लिहून ठेवलं होतं की टायबेरियस नुमान्शियाला जाताना इटलीतल्याच इट्रुरिया भागातून गेला तेव्हा त्याला शेतात मोकळी माणसं दिसलीच नाहीत, परदेशातून आणलेले गुलाम नांगर धरताना आणि गुरं राखताना दिसले, तिथेच त्याच्या मनात हे आलं. सिसिलीतलं बंड त्याच्या भाषणातही आलं. तिथे युनस नावाच्या सिरियन गुलामानं स्वतःला अँटायोकस म्हणवून राजमुकुट घातला होता, आणि १३३ चा एक कॉन्सुल पिसो सैन्य घेऊन तिथेच अडकला होता. एन्ना गावाच्या परिसरात गोफणीतून मारायच्या शिशाच्या गोळ्या सापडल्यात, त्यांवर पिसोचं नाव आहे.

तर टायबेरियस १३३ साठी ट्रिब्यून झाला आणि त्यानं कायदा आणला. जुनी मर्यादा पाळा, मुलामागे २५० युगेरा जास्तीची ठेवा, तेवढी कायमची तुमची, उरलेली सरकारला परत द्या, ती गरिबांना वाटू आणि त्यांना ती विकता येणार नाही. तीन जणांचं कमिशन मोजणी आणि वाटप करेल. मसुदा करताना मोठमोठे कायदेपंडित सोबत होते, म्युशियस स्कीव्होला तर त्या वर्षीचा दुसरा कॉन्सुलच. पहिल्या मसुद्यात जमीन सोडणाऱ्यांना भरपाईसुद्धा होती असं प्लुटार्क म्हणतो. शहरात लोकांनी भिंतींवर, ओसऱ्यांवर, थडग्यांवर त्याच्यासाठी मजकूर लिहिले, गरिबांना जमीन परत मिळवून दे म्हणून. आणि त्याचं ते भाषण, जे प्लुटार्कमध्ये आहे. इटलीत हिंडणाऱ्या जंगली जनावरांनाही बीळ आहे, गुहा आहे, पण इटलीसाठी लढून मरणाऱ्यांच्या वाट्याला हवा आणि उजेड सोडून काही नाही, सेनापती सांगतात पूर्वजांच्या थडग्यांसाठी लढा आणि यातल्या एकाकडेही घराण्याची वेदी नाही, जगाचे मालक म्हणवतात आणि मातीचं एक ढेकूळ त्यांच्या नावावर नाही. मला हे आजही वाचवत नाही नीट, घसा भरून येतो.

समोरच्यांचंही थोडं ऐकायला हवं. ते म्हणत होते की या जमिनीत आमच्या बापजाद्यांची थडगी आहेत, वाटण्यांमध्ये आम्ही ती विकत घेतल्यासारखी घेतली, मुलींना हुंड्यात दिली, तिच्यावर सावकारांनी पैसे दिलेत. हे खोटं नव्हतं. शंभर-दोनशे वर्षं कानाडोळा केला की बेकायदा गोष्टीवरही खरीखुरी आयुष्यं उभी राहतात आणि मग ती सोडवताना कुणाच्या ना कुणाच्या पोटावर पाय येतोच. पण तरीही जमीन त्यांची नव्हती.

त्यांनी वाद घालण्याऐवजी मार्कस ऑक्टेवियसला गाठलं. तोही ट्रिब्यूनच, आणि टायबेरियसचा मित्र. दहा ट्रिब्यूनांपैकी एकानं जरी नको म्हटलं तरी काम थांबतं, हा व्हेटो मुळात गरिबांना वाचवण्यासाठी दिलेला, तोच आता गरिबांच्या कायद्याआड आला. कायदा वाचायला सुरुवात झाली की ऑक्टेवियस थांबवणार. ऑक्टेवियसकडेही सरकारी जमीन होती म्हणून टायबेरियस त्याला म्हणाला, तुझं जेवढं जाईल तेवढं मी माझ्या खिशातून भरून देतो. तो ऐकेना. मग टायबेरियसनं सगळं सरकारी कामकाज बंद पाडलं, सॅटर्नच्या देवळातल्या खजिन्याला सील ठोकलं. शेवटी तो म्हणाला, लोकांच्या विरोधात जाणारा माणूस लोकांचा ट्रिब्यून राहू शकतो का हे लोकांनाच विचारू. असं आधी कधी झालं नव्हतं.

मतदारांचे गट म्हणजे ट्राइब, अशा पस्तीस, प्रत्येकीचं एक मत, एकामागून एक. अठरा मतं पडली की ऑक्टेवियस गेला. सतरा मतं त्याच्या विरुद्ध पडली आणि टायबेरियसनं मतदान थांबवलं. सगळ्या लोकांसमोर त्यानं ऑक्टेवियसला मिठी मारली, त्याचा मुका घेतला, विनवलं की स्वतःची अशी बेअब्रू होऊ देऊ नकोस आणि माझ्याकडून इतकं कठोर काम करवून घेऊ नकोस. ऑक्टेवियसच्या डोळ्यांत पाणी आलं, बराच वेळ तो गप्प उभा राहिला. मग त्याची नजर एका बाजूला घोळका करून उभ्या असलेल्या श्रीमंतांकडे गेली. आणि तो म्हणाला, तुला काय करायचं ते कर.

मी दरवेळी इथेच पुस्तक खाली ठेवते. दोघंही नियमात होते, निदान आपापल्या समजुतीनं. एकाकडे नाही म्हणायचा हक्क होता, दुसऱ्याकडे लोकांची मतं होती, आणि व्यवस्था चालायची ती दोघांपैकी कुणीतरी थोडं मागे सरेल या भरवशावर, कारण आजवर कुणी ना कुणी सरलं होतं. ऑक्टेवियस घाबरला होता, पण टायबेरियसला नव्हे, चार ओळखीच्या चेहऱ्यांना, उद्या त्यांच्या घरी जेवायला कुठल्या तोंडानं जायचं याला. ही भीती मला फार ओळखीची वाटते, आपल्या ग्रामपंचायतीपासून ते सोसायटीच्या मीटिंगपर्यंत माणसं याच भीतीनं मतं देतात. आणि टायबेरियस? मला तो आवडतो, जमिनीच्या बाबतीत तो शंभर टक्के बरोबर होता असं मला वाटतं, पण अठरावं मत त्यानं पडू द्यायला नको होतं. ट्रिब्यूनच्या अंगाला हात लावायचा नाही ही लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी घेतलेली शपथ, तीच ट्रिब्यूनची ढाल, आणि ऑक्टेवियसला व्यासपीठावरून खेचून उतरवलं तेव्हा टायबेरियसनं स्वतःचीच ढाल फोडली. त्या गोंधळात ऑक्टेवियसला वाचवायला पुढे आलेल्या त्याच्या एका गुलामाचे डोळे गेले. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. टायबेरियस आवाज ऐकून धावत आला होता, पण तोवर व्हायचं ते झालं होतं.

कायदा पास झाला. कमिशनमध्ये टायबेरियस, त्याचा सासरा अपियस क्लॉडियस आणि नुमान्शियाच्या वेढ्यात असलेला भाऊ गायस. सिनेटनं खर्चाला दिवसाला नऊ ओबोल मंजूर केले, अगदीच किरकोळ रक्कम, आणि सरकारी तंबूसुद्धा दिला नाही. ज्याला कायद्यानं अडवता येत नाही त्याला बजेटनं अडवायचं. नेमकं तेव्हाच पर्गममहून युडेमस नावाचा माणूस तिसऱ्या अ‍ॅटॅलसचं मृत्युपत्र घेऊन आला. हा राजा जरा वेगळाच, राज्यकारभार सोडून विषारी वनस्पतींची बाग करायचा, धातूच्या ओतकामात रमायचा, मूलबाळ नाही, आणि त्यानं सगळं रोमन लोकांना देऊन टाकलं. टायबेरियसनं लगेच प्रस्ताव आणला की या पैशातून नव्या शेतकऱ्यांना अवजारं आणि सुरुवातीचं भांडवल द्यायचं, आणि त्या राज्यातल्या शहरांचं काय करायचं हे सिनेट नाही, लोक ठरवतील. परराष्ट्र आणि पैसा या दोन गोष्टी सिनेटच्या अगदी देव्हाऱ्यातल्या. शेजारी राहणारा एक सिनेटर उठून म्हणाला, युडेमसनं याला राजाचा मुकुट आणि जांभळा झगा दिलाय, मी शेजारीच राहतो म्हणून मला माहीत आहे. रोममध्ये राजा हा शब्द उच्चारला की पुढे पुरावा लागत नसे.

टर्म संपली की खटला होणार, म्हणून टायबेरियसनं लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहायचं ठरवलं. उन्हाळा होता, सुगीचे दिवस, त्याचे खरे मतदार गावात कापणीला गेलेले, सगळं गणित अंगाशी आलं. निवडणुकीच्या सकाळी अपशकुन झाले, उंबऱ्याला अंगठा आपटून रक्त आलं, छपरावर कावळे भांडले आणि एक दगड पायाशी पडला. सोबतचे म्हणाले परत फिर. कुमेचा तत्त्वज्ञ ब्लॉसियस त्याच्यासोबत होता, तो म्हणाला, ग्रॅकसचा मुलगा, आफ्रिकानसचा नातू कावळ्याला भिऊन घरी बसला तर लाजच. तो गेला.

कॅपिटोल टेकडीवर लोक जमले आणि तिथेच जवळ सिनेटची बैठक भरली, फिडेसच्या देवळात, म्हणजे दिलेला शब्द पाळण्याची जी देवी तिच्या देवळात. गोंगाटात ऐकू जाईना म्हणून टायबेरियसनं जीव धोक्यात आहे हे सांगायला डोक्याला हात लावला, तर धावत जाऊन कुणीतरी सांगितलं, तो मुकुट मागतोय. स्किपिओ नासिका नावाचा सिनेटर ओरडला की कॉन्सुलनं या जुलमी माणसाला संपवावं. स्कीव्होला म्हणाला, मी हिंसा सुरू करणार नाही आणि खटल्याशिवाय एकाही नागरिकाला मारणार नाही. अख्ख्या वर्षात सत्तेवरच्या माणसाच्या तोंडून आलेलं हे एकच शहाणं वाक्य. नासिका म्हणाला, कॉन्सुल देशाशी बेइमान झालाय, ज्याला कायदे वाचवायचेत त्यानं माझ्यामागे या, आणि टोगा, म्हणजे अंगावर गुंडाळायचं रोमन वस्त्र, डोक्यावर ओढून निघाला. मोठी माणसं येताहेत म्हणून लोकांनी आपणहून वाट दिली, धावाधाव आणि चेंगराचेंगरी झाली, बाकं मोडली, त्यांचे पाय हातात घेऊन सिनेटर लोकांना झोडपत सुटले. टायबेरियस पळताना कुणीतरी त्याचा टोगा धरला, तो सोडून नुसत्या अंगरख्यावर पळाला, पडलेल्या माणसांना अडखळून पडला. डोक्यात पहिला घाव घातला तो सॅटिरियस नावाच्या, त्याच्याच बरोबरीच्या ट्रिब्यूननं. तीनशेहून जास्त माणसं मेली, सगळी काठ्या-दगडांनी, तलवारीनं एकही नाही. प्रेतं रात्री टायबर नदीत टाकली, अंत्यविधीसाठी मागितलेलं टायबेरियसचं प्रेतसुद्धा दिलं नाही. राजे गेल्यापासून राजकारणात रक्त सांडून निकाल लागल्याची ही पहिली वेळ, असं प्लुटार्क लिहितो.

ही बातमी मेहुणा स्किपिओ इमिलियानसला नुमान्शियापुढे कळली. साठ हजारांचं सैन्य, गावाभोवती सगळीकडून भिंत, नदीतसुद्धा पाती लावलेले ओंडके सोडलेले. तो होमरची ओळ म्हणाला, असं करणारा प्रत्येक जण असाच मरो. त्याच उन्हाळ्यात नुमान्शिया पडलं, आत माणसं माणसांना खाण्यापर्यंत आली होती, कित्येकांनी स्वतःला संपवलं. उरलेल्यांतले पन्नास मिरवणुकीसाठी ठेवले, बाकीचे गुलाम म्हणून विकले आणि गाव जमीनदोस्त केलं. टायबेरियसला जेवू घालणारं गाव.

नंतर चौकशीत ब्लॉसियसला विचारलं, टायबेरियसनं कॅपिटोल जाळ म्हटलं असतं तर? तो म्हणाला, तो असं सांगणारच नाही, पण सांगितलंच असतं तर ते लोकांच्या भल्याचंच असतं. तो सुटला आणि पर्गममला गेला, तिथे अ‍ॅरिस्टोनिकस नावाच्या माणसानं गरीब आणि गुलाम जमवून रोमविरुद्ध बंड केलं होतं. ते मोडलं तेव्हा ब्लॉसियसनं जीव दिला. नासिकाला लोक रस्त्यात खुनी म्हणून ओरडायला लागले म्हणून सिनेटनं त्याला कामाच्या निमित्तानं आशियात पाठवलं, तोही पर्गममलाच मेला.

कायदा मात्र कुणी रद्द केला नाही. कमिशनवर नवी माणसं आली आणि मोजणी चालू राहिली. दक्षिण इटलीत त्यांचे हद्दीचे दगड सापडलेत, त्यांवर तिघांची नावं कोरलेली, गायस सेम्प्रोनियस, अपियस क्लॉडियस, पब्लियस लिसिनियस. भाषणं, मुकुट, कावळे यापेक्षा मला हे दगड जास्त काही सांगतात, कुणीतरी उन्हातान्हात दोरी धरून जमीन मोजली, शेजाऱ्यांची भांडणं ऐकली, शिवेवर दगड रोवला आणि पुढच्या शेताकडे गेलं. लोकांना खरंच जमीन मिळाली. मग इ.स.पू. १२९ मध्ये त्याच स्किपिओ इमिलियानसच्या सांगण्यावरून वादग्रस्त जमिनींचे निकाल द्यायचा अधिकार कमिशनकडून काढून कॉन्सुल ट्युडिटॅनसकडे दिला. त्यानं काम हातात घेतलं, किती किचकट आहे ते पाहिलं आणि इलिरियात लढाईचं निमित्त काढून निघून गेला. निकाल देणारं कुणी उरलं नाही, आणि वाटप तिथेच अडलं.